स्टिअरिंग सुटले तरी संसार सुटू नये

ताडीवाला रोड असो, येरवडा असो की बोपोडी, आपल्या वस्त्यांत ट्रकवर जाणारा माणूस गल्लोगल्ली सापडतो. तो चार-चार दिवस घरी नसतो. बायकोला त्याची लाईन पाठ असते. आज इंदूर, परवा हुबळी. असा माणूस एक दिवस रिक्षात घालून घरी आणला जातो. पायाला प्लास्टर, कमरेला पट्टा. पहिल्या आठवड्यात भेटायला सारी वस्ती येते. तिसऱ्या महिन्यात फक्त किराणावाला येतो, उधारीची वही घेऊन.

दुखापत नेहमी रस्त्यावरच्या टकरीत होते असे नाही. ताडपत्री बांधताना मालावरून तोल जातो, फाळका हातावर पडतो, टायर बदलताना रिंग उडते. ट्रक उभा होता, म्हणून ही आपलीच चूक, असे समजून कितीतरी ड्रायव्हर गप्प बसतात. कायदा तसे समजत नाही. कामामुळे आणि काम चालू असताना झालेली इजा ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला आहे. म्हणून अपघाताची तारीख आधी पाहावी. त्याआधीचा अपघात असेल तर जुना कायदा पाहावा लागतो.

सही करण्यापूर्वी

दवाखान्यात मालकाचा माणूस येतो. उशाशी वीस हजार ठेवतो आणि कागद पुढे करतो. घरात पैसा नसतो, सही होऊन जाते. वाचकहो, तातडीच्या उपचाराला पैसे घ्यावेत, पण त्याची साधी पावती द्यावी. "यापुढे माझे काही मागणे नाही" अशा कागदावर सही करू नये. झालीच असेल तरी धीर सोडू नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्याने रद्दबातल ठरवला होता.

कागद मात्र पहिल्या दिवसापासून जपावेत. दवाखान्याचे केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या पावत्या, पोलिसांत नोंद असेल तर तिची प्रत. त्या फेरीची बिल्टी, भत्त्याची चिठ्ठी, पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुक. आपण त्या ट्रकवर कामाला होतो आणि पगार इतका होता, या दोन गोष्टींवरच बहुतेक दावे अडतात. मालकाला अपघाताची खबर लेखी द्यावी. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. "पाय बरा झाला की बघू" म्हणत ती हातची जाते.

मालकाकडे पैसे नाहीत, असे ऐकू येते. पण ट्रकच्या विम्यात ड्रायव्हरबद्दलची ही जबाबदारी धरलेली असते. दुसऱ्या गाडीच्या चुकीने अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते. मात्र दोन्हीकडून भरपाई मागता येत नाही.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बौद्ध बांधवांना अनुसूचित जातीचा हा दर्जा १९९० मध्ये मिळाला. जातीचा दाखला घेऊन शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

टक्क्यांचा प्रश्न

डॉक्टर अपंगत्व टक्क्यांत लिहितात. पण ड्रायव्हरचा पाय आणि कारकुनाचा पाय कमाईच्या दृष्टीने सारखे नसतात. कर्नाटकातील के. जनार्दन या टँकर ड्रायव्हरचा उजवा पाय अपघातात गुडघ्यापर्यंत गेला. उच्च न्यायालयाने कमाईची हानी ६५ टक्के धरली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती १०० टक्के ठरवली, कारण हा माणूस आता ड्रायव्हर म्हणून काम करू शकणार नव्हता.

आकड्यात फरक किती पडतो ते पाहा. कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर १९२३ च्या कायद्यात महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, असा हिशेब होता. वय ४० असेल तर तो आकडा १८४.१७. जानेवारी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जाऊ लागला. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, एकूण १६,५७,५३० रुपये. उशाशी ठेवलेले वीस हजार कुठे आणि ही रक्कम कुठे!

ही झाली खासगी ट्रकची गोष्ट. एसटी किंवा पीएमपीएमएलच्या चालकाला आणखी एक आधार आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकायचे नसते. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे असते.

पुन्हा काम

हाड जुळले की नव्या मालकाकडे जायची घाई होते, आणि तिथे दुखापत लपवण्याचा मोह होतो. तो टाळावा. खंबाटकीच्या घाटात क्लचवर पाय टिकला नाही तर लपवलेली गोष्ट चारचौघांचे प्राण घेऊन उघडी पडते. शिवाय न्यायालयात "चालवता येत नाही" म्हणायचे आणि दुसरीकडे ट्रक चालवायचा, असे दोन दगडांवर पाय ठेवता येत नाहीत. खरेच चालवता येते का, हे डॉक्टरांना विचारून एकदा ठरवावे आणि मग तेच सगळीकडे सांगावे.

चालवता येत असेल तर आधी लायसन्स पाहावे. व्यावसायिक वाहनाचे लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचे झाले आहे. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. घरी पडून राहिलेल्या माणसाचे नेमके हेच विसरते. सुरुवात लांबच्या लाईनीने न करता शहरातल्या टेम्पोने करावी. रात्री घरी येता येते, आणि आठवड्याभरात शरीर खरे काय ते सांगते.

चालवता येत नसेल तरी वीस वर्षांची अक्कल वाया जात नाही. कोणता माल कसा रचायचा, कोणत्या नाक्यावर किती वेळ जातो, डिझेल किती लागते, हे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसणाऱ्या नव्या पोराला ठाऊक नसते. मार्केट यार्ड आणि निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत बुकिंग, लोडिंगवर देखरेख, काटा, गॅरेज अशा कामांची चौकशी करावी. पाय गेला असेल तर वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा विचार करावा. १९४४ साली जखमी सैनिकांसाठी सुरू झालेल्या या केंद्रात नागरिकांनाही कृत्रिम अवयव मिळतात. स्वतःचा छोटा धंदा करायचा तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आपल्यासाठीच आहे.

घरच्यांना दोन शब्द

माता-भगिनींनो, रस्त्यावरचा माणूस चार भिंतींत कोंडला की चिडतो, आणि मग बाटली जवळची वाटू लागते. त्याला "बसून खातो" हा शब्द ऐकवू नका. केसपेपरची पिशवी त्याच्याच हाती द्या, तारखेला त्यालाच पुढे करा. आणि काहीही झाले तरी थोरल्या मुलाला शाळेतून काढून क्लीनर म्हणून पाठवू नका. बापाचा पाय कदाचित वर्षभरात बरा होईल, मुलाची सुटलेली शाळा मात्र सहसा परत मिळत नाही.

वस्तीतल्या तरुणांनीही एवढे करावे: शेजारी कोणी असा पडून असेल तर फळे घेऊन जाताना एक कोरा कागद आणि पेनही घेऊन जावे. मालकाला द्यायचा अर्ज तिथेच बसून लिहावा.