‘लव्ह’ म्हणजे नुसतं प्रेम नव्हे

इंग्रज मैत्रिणीने पत्राच्या शेवटी ‘लव्ह’ लिहून खाली नाव घातलं, की आपल्याकडे भुवया उंचावतात. त्यात वावगं काही नसतं. इंग्रजीत आजी नातवाला आणि भाऊ बहिणीला असंच लिहितो. आपण पत्राखाली ‘लोभ असावा, ही विनंती’ लिहीत आलो, तोच हा भाव. आणि नातं केवळ भावाचं नाही, रक्ताचंही आहे. संस्कृतातला ‘लुभ्’ धातू, जर्मन ‘लीबे’ आणि इंग्रजी ‘लव्ह’ ही एकाच इंडो-युरोपीय मुळाची लेकरं. लोभ षड्रिपूंत मोजला गेला, तरी मराठीने त्याला माया, जिव्हाळा हाही अर्थ दिला. माझ्या मते ‘लव्ह’ला ‘प्रेम’पेक्षा हा जुना ‘लोभ’च जास्त जवळचा.

‘आय लव्ह मँगोज’चं भाषांतर ‘मी आंब्यांवर प्रेम करतो’ असं करणारेही भेटतात. मराठीत ते ‘मला आंबे फार आवडतात’ एवढंच आहे. आवडणं, जीव असणं, प्रेम करणं ही आपली वेगवेगळी क्रियापदं इंग्रजीत एकटं ‘लव्ह’ पेलतं. ‘आय वुड लव्ह टू’ म्हणजे तर ‘मला फार आवडेल’. तो होकारच असेल असं नाही. पुष्कळदा पाठोपाठ ‘पण’ येतो आणि नम्र नकार मिळतो.

‘लव्ह’ला ‘आयएनजी’ कधीच लागत नाही, हा शाळेतला नियम अर्धाच खरा. ‘आय अ‍ॅम लव्हिंग माय मदर’ चूकच, कारण ती माया कायमची असते. पण नव्या गावात रमलेला माणूस ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ म्हणतो, ते बोलीत चालतं. मॅकडोनाल्ड्सचं 2003 सालचं घोषवाक्य याच वळणाचं.

टेनिसमधलं शून्याचं ‘लव्ह’ अंड्याच्या फ्रेंच शब्दावरून आलं, ही कथा लोकप्रिय आहे, पण तिला पुरावा नाही. पैजेविना, केवळ हौसेखातर खेळणं म्हणजे ‘फॉर लव्ह’ खेळणं, ही व्युत्पत्ती अधिक पटणारी.

सर्वांत मोठी गफलत होते ती ‘मेक लव्ह’पाशी. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’त मिस्टर एल्टन बग्गीत एमाशी तेच करतो, असं लिहिलं आहे. कादंबरी 1815 सालची. तेव्हा त्याचा अर्थ होता प्रेमाची कबुली देणं, मनधरणी करणं. शरीरसंबंधाचा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. त्याआधीची इंग्रजी कादंबरी वाचताना आजचा अर्थ तिच्यावर लादू नका.