“आता पहिल्यासारखा नाताळ राहिला नाही”: या वाक्याचं संशोधनात काय करायचं?

मुलाखतीत हमखास मिळणारं एक वाक्य असतं: “आता पहिल्यासारखं राहिलं नाही.” हे वाक्य मिळालं की नवखा संशोधक खूश होतो. मीही झालो होतो. त्या वेळी माझी काय चूक झाली ते आज सांगतो.

मी मोताळ्याचा. आमच्या घरी दिवाळी, पोळा, आखाजी. नाताळ म्हणजे शाळेला सुट्टी, एवढीच माझी ओळख. पीएचडीचा विषय ‘कुटुंबातल्या सणांमधले बदल’ ठरला, तेव्हा सरावाची पहिली मुलाखत २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरी घेतली. आजी ७८ वर्षांच्या. रीतसर परवानगी घेतली आणि नाव कुठेही येणार नाही असं कबूल केलं, म्हणून इथेही त्या फक्त ‘आजी’.

आजींनी भरभरून सांगितलं. लहानपणी आई करंज्या, शंकरपाळे करायची. रात्री गॅसबत्ती घेऊन सगळे गाणी म्हणत घरोघर जायचे. नवा फ्रॉक वर्षातून एकदाच, तोही नाताळालाच. आता सून केक विकत आणते, मुलगा पुण्याहून दोन दिवसांसाठी येतो, आणि आजी काही गाणी म्हणायला जात नाहीत. शेवटी म्हणाल्या, “तो नाताळ गेला रे बाबू.”

मी डायरीत लिहिलं: ‘परंपरा लोप पावत आहे.’ गाईड मॅडमनी त्याखाली तीन शब्द लिहिले: ‘वय? काळ? पिढी?’

आजचा लेख या तीन शब्दांवरच आहे.

आजी गाणी म्हणायला जात नाहीत, कारण गुडघे दुखतात. हा झाला वयाचा परिणाम. त्यांच्या आजीनंही म्हातारपणी जाणं सोडलं असेल. यात परंपरा बदलली असं काही नाही, माणूस म्हातारं झालं.

गॅसबत्ती गेली, कारण वीज आली. ती सगळ्यांसाठीच आली, लहानमोठ्यांसाठी एकाच वेळी. हा काळाचा परिणाम.

आणि सून केक विकत आणते, कारण ती लग्नाआधीपासून नोकरी करते आणि तिच्या वयाच्या बऱ्याच जणी असंच करतात. म्हातारपणीही ती घरी करंज्या करत बसेल असं नाही. हा पिढीचा परिणाम. ‘पिढी’ म्हणजे इथे घरातलं नातं नाही, तर साधारण एकाच सुमारास जन्मलेली माणसं. समाजशास्त्रात याला ‘कोहॉर्ट’ म्हणतात. कार्ल मानहाइमनं १९२८ मध्ये पिढ्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि १९६५ मध्ये नॉर्मन रायडरनं कोहॉर्टची कल्पना सामाजिक बदलाच्या अभ्यासासाठी मांडली.

आता अडचण बघा. सालातून वय वजा केलं की जन्मवर्ष मिळतं. म्हणजे तिघांपैकी दोन माहीत असले की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे नुसत्या आकडेमोडीनं हे तीन परिणाम पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत, मुलाखती कितीही घ्या. बाहेरची माहिती आणि नीट विचारलेला प्रश्न, दोन्ही लागतात.

मी प्रश्न बदलला. “पूर्वी कसं होतं?” हे विचारणं सोडलं. घरातल्या तिघांना एकच विचारलं: “तुम्ही दहा वर्षांचे होता तेव्हाचा नाताळ सांगा.” आजींचं उत्तर १९५६ च्या सुमाराचं, ४८ वर्षांच्या सुनेचं १९८६ चं, २० वर्षांच्या नातवाचं २०१४ चं. वय सारखं ठेवलं, त्यामुळे ‘लहानपणी सगळंच छान वाटतं’ हा भाग तिघांच्याही उत्तरात आला आणि तुलना जरा न्याय्य झाली.

पण इथेही एक खाच निघाली. सुनेचा १९८६ चा नाताळ या घरातला नव्हताच, तो तिच्या माहेरचा! तिथे केक घरीच व्हायचा. मग आजींना विचारलं, “करंज्या तुमच्या सासरी होत्या का?” आजी हसल्या. “नाही, ते मी आईकडून आणलं.” म्हणजे मी ज्याला ‘या कुटुंबाची परंपरा’ म्हणत होतो, ती एका सुनेबरोबर आली आणि दुसऱ्या सुनेबरोबर बदलली. कुटुंबाची परंपरा शोधताना घरात कोण, कुठून, कधी आलं हे आधी लिहून काढा.

दुसरी गोष्ट, आठवण म्हणजे त्या काळातली नोंद नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मराठी ख्रिस्ती घराचं आतून दर्शन घडवणारं अमूल्य पुस्तक आहे. पण नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुस्तक आलं १९३० च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षं त्या आठवणींत मिसळलेली आहेत. याउलट अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक त्या त्या वेळी छापलेले आहेत. दोन्ही वापरा, पण दोन्हींना एकच प्रश्न विचारू नका. घरात मागे तारीख लिहिलेला फोटो किंवा किराण्याची जुनी यादी मिळाली, तर तीही जपून बघा.

तिसरी गोष्ट, ‘मूळ’ नाताळ शोधायला जाऊ नका. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला. करंजी दिवाळीच्या फराळात आहे आणि गोव्यात नाताळाला तीच ‘नेवरी’ होते. इंग्लंडमध्ये घरोघरी ख्रिसमस ट्री लोकप्रिय झालं त्यात १८४८ मध्ये छापलेल्या राजघराण्याच्या एका चित्राचा मोठा वाटा होता. जुन्या वाटणाऱ्या कितीतरी प्रथा बऱ्याच अलीकडच्या असतात, हे हॉब्सबॉम आणि रेंजर यांच्या १९८३ च्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या ग्रंथानं दाखवलं. आजींच्या लहानपणीचा नाताळ हाही त्या बदलांमधला एक टप्पाच होता. तो आपल्या मोजपट्टीचा शून्य नाही.

पुन्हा गेलो तेव्हा आजींना विचारलं, “मागच्या नाताळाला सकाळी उठल्यापासून काय काय केलं?” उपासना, जेवण, नातेवाइकांचे फोन. मग सहज म्हणाल्या, “शेजारी ताट पाठवलं. ते दिवाळीला आपल्याकडे पाठवतात ना.” हे पहिल्या मुलाखतीत आलंच नव्हतं, कारण मी फक्त ‘काय गेलं’ ते विचारत होतो. पूर्वी त्या ताटात करंज्या असायच्या, आता केक असतो. ताट मात्र त्यांच्या आईच्या काळापासून जातंय.

डायरीतलं ‘लोप पावत आहे’ मी खोडलं. ते तसंच प्रबंधात गेलं असतं, तर एका जिवंत घराला मी कागदावर संपवलं असतं, तेही त्यांच्या घरी चहा पिऊन.

तुमच्यासाठी सराव: आपल्याच घरातल्या तीन वयांच्या माणसांना दहाव्या वर्षीची दिवाळी किंवा आखाजी विचारा. प्रत्येक फरकापुढे वय, काळ किंवा पिढी लिहा. ठरत नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. ते पुसायची घाई करू नका, पुढच्या मुलाखतीचे प्रश्न तिथूनच निघतात.