मेलबर्नचं पत्र : परीक्षेत न येणारी गोष्ट

ऑस्ट्रेलियातली मुलं शाळेत फार तर फ्रेंच शिकत असतील, असा आपल्याकडे समज. प्रत्यक्षात या देशात जपानी शिकणारे चार लाखांवर आहेत आणि त्यांतले बहुतेक शाळकरी. 1980च्या दशकात जपान इथल्या कोळशाचं, लोहखनिजाचं बडं गिऱ्हाईक होतं. तेव्हा शाळांत फोफावलेली भाषा मग टिकलीच.

आमची लेक नववीत आहे. पालकांना बोलावलं होतं म्हणून तिच्या जपानीच्या तासाला मागच्या बाकावर बसलो. बाईंनी टेबलावर कामिशिबाईची लाकडी चौकट मांडली. आत चित्रांचे पुठ्ठे. मजकूर मागच्या बाजूला, बाईंपुरता. नदीवर कपडे धुणारी म्हातारी दिसली. पुठ्ठा अर्धाच सरकवून बाई थांबल्या. पाण्यातून काय येतंय? मोडक्यातोडक्या जपानीत वर्गभर अंदाज: मगर, चप्पल, कुणाचा तरी फोन! मग भलंमोठं पीच वाहत आलं, त्यातून मोमोतारो नावाचा मुलगा निघाला. व्याकरणाचं नाव नाही.

मागच्या कपाटात चित्रांची पुस्तकं, कांजी या चित्रलिपीच्या डोक्यावर बारीक हिरागाना अक्षरं. भिंतीवर 'तादोकु' म्हणजे भरपूर वाचनाचे नियम: सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश उघडू नका, अडलं तर पुढे जा, जमेना तर पुस्तक बदला. शेवटच्या नियमाने मी उडालोच. आपल्याकडे मात्र आठवीत संस्कृत घेतात ते 'स्कोअरिंग' म्हणून. रामः रामौ रामाः घोकून पैकीच्या पैकी मिळवलेली आणि दहावीनंतर संस्कृतची एक ओळ न वाचलेली माणसं आमच्या नात्यात ढिगाने आहेत. आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगणं जपान्यांकडून शिकावं लागतं म्हणावं, तर कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर चित्रकथी तेच करत आले!

अर्थात इथल्या पोरांचंही फार कौतुक नको. अकरावी आली की त्यांतली बरीच जपानी सोडून मोकळी होतात. पुण्यात माझी भाची आयटीतली नोकरी सांभाळून जपानीची एन-थ्री परीक्षा पास झाली. इथे त्या चिकाटीची वानवाच. पण तिला जपानी गोष्टीचं पुस्तक पाठवू का विचारलं, तर म्हणाली, "मामा, सिलॅबसमध्ये आहे का ते?"

संस्कृतच्या मास्तरांनो, पंचतंत्र तर तुमच्याच घरचं. येत्या जूनमध्ये शब्दरूपांच्या आधी त्यातली एक गोष्ट चित्रांसकट वाचून दाखवा. आणि ती परीक्षेत येणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.