तेराव्या फेरीचा हिशेब

वेगवेगळ्या काळातील हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची तुलना करताना दोन प्रश्न आधी वेगळे करावे लागतात. आपापल्या काळात सर्वाधिक वर्चस्व कोणी गाजवले, हा पहिला. दोघांना ऐन भरात असताना एकाच रिंगमध्ये उतरवले तर कोण जिंकेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बरेचसे नोंदींतून मिळते. दुसऱ्यासाठी शरीरयष्टी, नियम आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा या तिन्हींचा विचार करावा लागतो.

त्याआधी भराचा काळ ठरवायला हवा, कारण कीर्तीचा काळ आणि भराचा काळ एकच असतो असे नाही. मुहम्मद अलीच्या सर्वांत गाजलेल्या लढती 1974 मध्ये किन्शासात आणि 1975 मध्ये मनिलात झाल्या. त्याच्या पायांतली चपळाई मात्र 1966-67 मध्ये सर्वोच्च होती. नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला त्याने क्लीव्हलँड विल्यम्सला चार वेळा खाली पाडून तिसऱ्या फेरीत लढत संपवली. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे पुढची साडेतीन वर्षे त्याला रिंगपासून दूर राहावे लागले. माइक टायसनचा भर 1986 ते 1988 असा मोजकाच; त्याच्या शेवटी त्याने मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत हरवले. जॉर्ज फोरमनने वयाच्या 45 व्या वर्षी पुन्हा विजेतेपद मिळवले, पण त्याचा खरा दरारा 1973 चा. त्या वर्षी किंग्स्टनमध्ये त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवले होते.

पहिला निकष शरीरयष्टीचा. आज हेवीवेटपेक्षा हलक्या क्रूझरवेट गटाची कमाल मर्यादा 200 पौंड, म्हणजे सुमारे 90.7 किलो आहे. 1919 मध्ये जेस विलार्डला हरवणारा जॅक डेम्प्सी सुमारे 85 किलोंचा होता. 49 लढती खेळून एकही न हरलेला रॉकी मार्सियानो 84 किलोंच्या आसपास असे. 1938 मध्ये मॅक्स श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवणाऱ्या जो लुईचे वजन 198.75 पौंड होते. आजच्या मोजमापाने हे तिघेही क्रूझरवेट ठरतात. लेनॉक्स लुइस, व्लादिमिर क्लिच्को किंवा टायसन फ्युरी यांच्याशी त्यांची गाठ पडली असती, तर सुमारे वीस ते चाळीस किलोंचा फरक त्यांना पेलावा लागला असता.

वजनामुळे लढतीचा निकाल मात्र ठरून जात नाही. डेम्प्सीने 111 किलोंच्या विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. मे 2024 मध्ये रियाधला ओलेक्सांद्र युसिकने आपल्यापेक्षा सुमारे 18 किलो जड असलेल्या फ्युरीला गुणांवर हरवले. नवव्या फेरीत डाव्या हाताच्या ठोशांनी त्याने फ्युरीला इतके खिळखिळे केले, की पंचाला उभ्या फ्युरीसाठी आकडे मोजावे लागले. पदलालित्य, अंतराचा अंदाज आणि ठोशांची संगती यांतून वजनातली तूट भरून निघते, हे या लढतीने अलीकडच्या काळातही सिद्ध केले.

दुसरा निकष नियमांचा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. विलार्ड उठू लागला की शेजारीच उभा असलेला डेम्प्सी पुन्हा ठोसे मारी. तेव्हा त्याला मनाई नव्हती. प्रतिस्पर्धी पडल्यावर दूरच्या कोपऱ्यात जाण्याचा नियम 1927 मध्ये शिकागोच्या लढतीत लागू होता. डेम्प्सी तिकडे जायला रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली आणि खाली पडलेल्या जीन टनीला सावरायला जास्तीचे सेकंद मिळाले.

फेऱ्यांची संख्या तर इतिहासच बदलू शकते. पूर्वी विजेतेपदाची लढत 15 फेऱ्यांची असे. 1982 मध्ये किम दुक-कू या कोरियन मुष्टियोद्ध्याचा लढतीतील दुखापतीने मृत्यू झाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने ही संख्या 12 वर आली. आता 1941 ची लुई-कॉन लढत पाहा. बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रकांवर बिली कॉन पुढे होता. तेराव्या फेरीत तो नॉकआउटच्या मागे लागून लुईच्या माऱ्यात सापडला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना बाद झाला. 1952 मध्ये फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो तिन्ही गुणपत्रकांवर मागे होता. त्यालाही विजेतेपद मिळाले ते तेराव्या फेरीतल्या उजव्या हाताच्या एका ठोशाने. आजच्या नियमांत या दोन्ही लढतींचा निकाल उलटा लागला असता.

तिसरा निकष प्रतिस्पर्ध्यांचा. विल्यम्सविरुद्ध अलीचा खेळ अप्रतिम होता, पण विल्यम्स दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागून अधू झाला होता. डेम्प्सीच्या कारकिर्दीत हॅरी विल्स या बलाढ्य कृष्णवर्णीय आव्हानवीराला विजेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही. म्हणून नुसती विजयांची संख्या मोजणे अपुरे ठरते. कोणाला रिंगबाहेर ठेवले गेले, हेही तपासावे लागते.

ही तुलना यंत्राकडून करून घेण्याचा प्रयत्नही झाला. 1969 मध्ये अली आणि मार्सियानो यांच्यातील लुटुपुटूच्या लढतीचे चित्रीकरण झाले आणि निकाल संगणकाने ठरवल्याचे जाहीर झाले. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या चित्रपटात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला; ब्रिटनमध्ये मात्र अली जिंकल्याचा शेवटही दाखवला गेला. गृहीतके बदलली की निकाल बदलतो. म्हणूनच गृहीतके उघड सांगणे ही अशा तुलनेची पहिली अट आहे.

या निकषांवर दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतात. वर्चस्वाच्या मोजणीत जो लुई सर्वांत वर आहे: 1937 ते 1949 अशी जवळपास बारा वर्षे त्याने विजेतेपद सांभाळले आणि 25 वेळा यशस्वीपणे राखले. समोरासमोरच्या काल्पनिक लढतीत 1966-67 च्या अलीची बाजू सर्वांत भक्कम दिसते. 191 सेंटिमीटर उंची, लांब हात आणि अखंड हालचाल ही त्याची बलस्थाने 15 फेऱ्यांत टिकतात, तशीच 12 फेऱ्यांतही टिकतात. युसिकची उंची आणि हातांचा पल्ला जवळजवळ अलीइतकाच आहे. त्याच बांध्याच्या माणसाने फ्युरीला हरवले असल्याने, अली आजच्या धिप्पाड हेवीवेटांपुढेही उभा राहिला असता हे अनुमान पुराव्याला धरून आहे.