पिंगळ्याची मान काय सांगते?

पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी झाडावरच्या पिंगळ्याची भाषा ओळखून भविष्य सांगतो, अशी जुनी समजूत आहे. भविष्याचे सोडून द्या. पण पिंगळ्याची भाषा थोडीफार खरोखरच वाचता येते. त्यासाठी गप्प बसावे मात्र लागते.

साळुंकीएवढे हे ठिपकेदार घुबड पाहायला यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्यातच जायला हवे, असे नाही. कापसाच्या शेताच्या बांधावरच्या जुन्या चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या ढोलीतून ते दिवसाही डोकावते.

पाहण्यासारखी असते ती त्याची मान. घुबडाचे डोळे नळीसारखे, खोबणीत घट्ट बसलेले असतात. ते फिरत नाहीत. म्हणून मान फिरते, एका बाजूला जवळजवळ २७० अंशांपर्यंत. माणसाच्या मानेत ७ मणके, तर घुबडाच्या मानेत १४. माणसाच्या मानेला जोराचा हिसका बसला, तर मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. घुबडाला तो का होत नाही, याचे उत्तर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दिले. त्याच्या मणक्यांतील छिद्रे धमनीच्या सुमारे दहापट रुंद असतात. त्यामुळे मान वळली तरी धमनीला मोकळीक मिळते.

हीच मान इशाराही देते. पिंगळा डोके वरखाली करत टक लावून पाहू लागला, की तो आपले अंतर जोखत असतो. तिथेच थांबावे, किंवा दोन पावले मागे यावे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ढोलीत अंडी किंवा पिल्ले असू शकतात. तेव्हा तर जवळ जाऊच नये. रात्री फ्लॅश मारू नये, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. लांब पल्ल्याची लेन्स नसेल, तर दुर्बीण पुरे.

दुरून टिपलेल्या छायाचित्राचे मोल मोठे असते. पिंगळ्याचा दुर्मीळ भाऊबंद रानपिंगळा १८८४ नंतर संशोधकांच्या हाती लागलाच नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. एकोणिसाव्या शतकात पुराव्यासाठी पक्षी मारून संग्रहालयात ठेवत. या वेळी छायाचित्रे आणि चित्रीकरण पुरेसे ठरले.

बांधावरचा पिंगळा उंदीर आणि किडे खातो. अशुभ म्हणून त्याला दगड मारणाऱ्या पोराच्या हाती एकदा दुर्बीण देऊन पाहावी.