फोन बंद केला, पण खातं बंद झालं का?

शेतकरी बंधूंनो, हा विषय खरं तर आमच्या कृषी खात्याचा नव्हे. पण शिवारफेरी आटोपून पारावर बसलं की कोणीतरी खिशातून घडी केलेलं बिल काढतंच. ‘साहेब, इंटरनेट बंद करून महिना झाला, मग हे कसलं आलं?’

सोसायटीचं कर्ज फेडलं म्हणून सातबारावरचा बोजा आपोआप उतरत नाही, तो उतरवून घ्यावा लागतो. इथंही तसंच. वायर तुटली, डबा काढून माळ्यावर टाकला, एवढ्यानं जोडणी बंद झाली असं कंपनी धरत नाही. भाडं चढतच राहतं. म्हणून बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवरून कळवलंत तर विनंतीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुढचा सारा हिशेब त्या तारखेवर चालतो.

आता बिल पाहू. समजा, भाडं महिन्याला ५९९ रुपये, वापरानंतर द्यायचं, आणि १२ तारखेला जोडणी बंद झाली. दिवसांवर हिशेब असेल तर १२ दिवसांचे २३९ रुपये ६० पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३ रुपये १३ पैसे, मिळून २८२ रुपये ७३ पैसे. अनामत ५०० रुपये भरलेली असेल, तर उलट आपल्यालाच २१७ रुपये २७ पैसे यायला हवेत! काही योजनांत मात्र महिना लागला की पुरं भाडं घेतात. वर्षाची सवलतीची योजना मध्येच सोडली तर सवलतही परत कापली जाऊ शकते. या अटी बारीक अक्षरात असतात. पोराकडून वाचून घ्या.

बिल फुगतं ते बहुधा डब्यापायी. डबा कंपनीचा असेल आणि परत केल्याचा कागद नसेल, तर त्याची किंमत बिलात येते. न्यायला आलेल्या पोराकडून डब्याच्या क्रमांकासह पावती घ्याच. ओळखीचा असला तरी!

ग्रामसेवक बंधूंनी कार्यालयातल्या जुन्या फोनची अनामत पावती शोधावी. ती रक्कम ग्रामपंचायतीची आहे, कपाटात धूळ खात पडायची नाही. घरचा फोन वडिलांच्या नावे असून ते हयात नसतील, तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडावेत.

बिल चुकीचं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही. ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथं चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथंही फी लागत नाही.

आणि बंदच्या अर्जासोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा, म्हणजे अनामत कुठं पाठवायची हा प्रश्न राहणार नाही.