कळांचे गणगोत

नंदुरबार-शहाद्याकडील छपाईच्या दुकानात संगणकावर लग्नपत्रिका जुळवणाऱ्या कारागिराचे हात पाहावेत. उजवा हात माउसवर, डावा कळफलकावर. चित्रावरून नजर ढळू न देता काम चालते ते शॉर्टकटमुळे. हे शॉर्टकट ठरवावेत कसे?

पहिला नियम जागेचा. 'कंट्रोल'सोबत झेड दाबले की केलेली कृती मागे घेतली जाते. एक्स, सी, व्ही यांनी अनुक्रमे कापणे, नक्कल करणे व चिकटवणे होते. इंग्रजी आद्याक्षर जुळते ते एकट्या 'कॉपी'च्या सीचे. परंतु चारही कळा खालच्या ओळीत शेजारी शेजारी, डाव्या हाताच्या टप्प्यात आहेत.

दुसरा नियम नात्याचा. फोटोशॉपमध्ये एका कळेने हत्यार निवडता येते. तीच कळ शिफ्टसह दाबली की त्याच गटातील पुढचे हत्यार हाती येते. १९८६ साली प्रमाण ठरलेल्या देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलकात हेच तत्त्व अधिक शिस्तीने दिसते. मधल्या ओळीत क, च, ट, त, प; त्यांच्या वरच्या ओळीत ग, ज, ड, द, ब. शिफ्ट दाबली की क चा ख, ग चा घ. अशा रीतीने दहा कळांत वीस व्यंजने बसतात आणि शाळेतली वर्णमालाच उपयोगी पडते.

फोटोशॉपमध्ये स्वतःचे शॉर्टकटही ठरवता येतात. तेव्हा नित्याचे काम बोटांजवळ आणि नात्यातली कामे एका कळेवर ठेवावीत. नुसत्या पाठांतरावर उभा असलेला शॉर्टकट घाईच्या वेळी आठवत नाही. नियमातून आलेला आपोआप सुचतो.